स्पर्धा सोडली, आता शोमध्ये जाऊ का?

प्रश्न: मी 24 वर्षांची आहे आणि सातव्या वर्षापासून फिगर स्केटिंग करते. ज्युनियर गटात काही आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळले. वरिष्ठ गटात मात्र राष्ट्रीय स्पर्धेत सहाव्या क्रमांकाच्या वर कधी गेले नाही. गेल्या हंगामानंतर मी स्पर्धा थांबवली. उजवा घोटाही अधूनमधून दुखतो. आता एका फिरत्या आईस शोने समूहात स्केटिंग करण्यासाठी वर्षभराचा करार देऊ केला आहे. प्रशिक्षक म्हणतात, इथेच थांब आणि लहान मुलांना शिकव. आईवडिलांना वाटते, अर्धवट राहिलेली पदवी आधी पूर्ण करावी. मला मनातून शोमध्ये जायचे आहे, पण 'जिंकता आले नाही म्हणून शोमध्ये गेली' असे लोक म्हणतील याची लाज वाटते. आणखी एक हंगाम खेळून पाहावे का, हा विचारही डोक्यातून जात नाही. स्पर्धांचे प्रक्षेपण लागले की मी टीव्ही बंद करते. मी काय करावे?

उत्तर: तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात: 'मला मनातून शोमध्ये जायचे आहे.' उरलेले पत्र या एका वाक्यावर हरकती घेण्यात खर्ची पडले आहे. त्यांतल्या काही हरकती रास्त आहेत आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे. परंतु माझे मत आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना तुमची घालमेल होणार नाही. घोट्याची तपासणी समाधानकारक निघाली आणि कराराच्या अटी नीट असल्या, तर तुम्ही जावे. वर्षभरासाठी जावे, परतीचा महिना आधी ठरवून जावे, आणि एक वेगळी विद्या शिकायला निघालो आहोत अशा तयारीने जावे. मी स्वतः स्पर्धेतून शोमध्ये आणि शोमधून प्रशिक्षणाकडे गेले असल्यामुळे हा सल्ला थोडा त्या बाजूला झुकलेला असणार, हे ध्यानात ठेवूनच तो घ्यावा.

आधी लाजेविषयी. ज्या लोकांच्या तोंडी तुम्ही ते वाक्य घातले आहे, त्यांना या खेळाचा इतिहास फारसा ठाऊक नसावा. सोन्या हेनीने 1928, 1932 आणि 1936 अशी लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके आणि दहा जागतिक विजेतेपदे मिळवली, आणि 1936 मध्येच ती व्यावसायिक होऊन चित्रपट आणि बर्फावरचे शो यांकडे वळली. स्कॉट हॅमिल्टनने 1984 साली साराजेव्होला सुवर्णपदक जिंकले आणि दोनच वर्षांनी 'स्टार्स ऑन आईस' या शोच्या उभारणीत तो पुढे होता. युझुरू हान्यूने 2014 आणि 2018 ची सुवर्णपदके गाठीशी असताना जुलै 2022 मध्ये स्पर्धा सोडली आणि पुढच्या फेब्रुवारीत टोकियो डोमसारख्या अवाढव्य जागी एकट्याच्या बळावर शो केला. ही झाली जिंकलेली माणसे. दुसऱ्या बाजूला कर्ट ब्राउनिंग आहे. त्याने 1988 मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत चार फेऱ्यांची पहिली मान्यताप्राप्त उडी उतरवली आणि चार वेळा जगज्जेतेपद मिळवले. पण तीन ऑलिम्पिक खेळूनही त्याच्या वाट्याला एकही पदक आले नाही, आणि तरीही अगदी 2023 पर्यंत लोक तिकीट काढून त्याला पाहायला येत राहिले. जॅनेट लिन 1972 साली साप्पोरोला बैठ्या गिरकीत पडली, हसत उठली आणि कांस्यपदकावर राहिली. पुढच्याच वर्षी 'आईस फॉलीज' या शोने तिच्याशी केलेला करार त्या काळच्या महिला खेळाडूंच्या मोठ्यात मोठ्या करारांपैकी एक होता.

तुम्ही म्हणाल, या सगळ्यांची नावे फलकावर ठळक छापली जात होती आणि मला तर समूहात उभे राहायचे आहे. मान्य आहे. नावाजलेल्यांची उदाहरणे देऊन तुमची परिस्थिती तशीच आहे असे भासवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मला एवढेच दाखवायचे आहे की स्पर्धेतून शोकडे जाणारा रस्ता हरलेल्यांसाठी राखून ठेवलेला कधीच नव्हता. उलट अनेक वर्षे तो एकदा धरला की परत फिरता येत नसे, कारण पैसे घेऊन शो करणाऱ्याला ऑलिम्पिकचे दार बंद होत असे. म्हणून लोक जिंकेपर्यंत थांबत आणि मगच जात.

आता त्या सहाव्या क्रमांकाविषयी, कारण खरा सल तिथे आहे असे मला वाटते. या खेळात काय मोजायचे हेच सतत बदलत आले आहे. जॅनेट लिन पडली त्या साप्पोरोच्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक बिआट्रिक्स शूबाला मिळाले ते मुख्यतः सक्तीच्या आकृत्यांच्या जोरावर. बर्फावर एकाच पायाने वर्तुळे कोरायची, तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवायची, आणि पंचांनी वाकून ती न्याहाळायची, असा तो प्रकार होता. 1990 नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून तो हद्दपार झाला आणि ज्यांचे सारे आयुष्य त्या रेघा घोटण्यात गेले होते, त्यांच्या कौशल्याला स्पर्धेत जागाच उरली नाही. सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत 2002 च्या सॉल्ट लेक सिटीमधल्या जोडी स्पर्धेच्या वादानंतर मोडीत निघाली आणि 2006 च्या तोरिनोपासून ऑलिम्पिकमध्येही प्रत्येक उडीचा, गिरकीचा आणि पदन्यासाचा वेगळा हिशेब सुरू झाला. हवेत उलटी कोलांटी मारण्यावर 1977 मध्ये बंदी आली. सुर्या बोनालीने 1998 साली नागानोला गुण कापले जाणार हे माहीत असूनही ती मारली आणि एका पायावर उतरवली. शोमध्ये त्याच कोलांटीला प्रेक्षक उभे राहून दाद देत राहिले. आणि 2024 मध्ये नियमावलीने ती बंदी उठवली.

याचा अर्थ तुमचा सहावा क्रमांक खोटा होता असा मुळीच नाही. त्या दिवशी, त्या नियमांनुसार, पाच जणी तुमच्याहून सरस ठरल्या, आणि तो निकाल विनातक्रार मान्य करावा. तो त्या दिवसापुरता निकाल होता. सतरा वर्षांच्या मेहनतीचा निवाडा त्यात शोधू नये. माओ असादा 2014 मध्ये सोचीला शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीनंतर, 16 व्या स्थानावर फेकली गेली होती. दुसऱ्या दिवशी तिने आयुष्यातला सर्वोत्तम म्हणावा असा फ्री स्केट, म्हणजे दुसऱ्या फेरीतला लांब कार्यक्रम, केला आणि एकूण सहावी आली. तुमचाच क्रमांक. त्या स्पर्धेतली पाचवी कोण, हे आज पटकन सांगणारे थोडे सापडतील, पण तो फ्री स्केट विसरलेला स्केटिंगप्रेमी मला अजून भेटायचा आहे.

शोमध्ये नेमके काय करावे लागते याविषयी तुमच्या पत्रात अवाक्षरही नाही, आणि हीच माझी खरी काळजी आहे. स्पर्धेतले खेळाडू शोला सोपे समजून जातात आणि पहिल्या आठवड्यात हबकतात. स्पर्धेत रिंक लख्ख उजळलेली असते. उडीतून उतरताना नजर कठड्यावरचा एखादा फलक किंवा पंचांचे टेबल टिपते आणि त्यावरून शरीर आपली दिशा ओळखते. शोमध्ये दिवे मालवतात, एक प्रखर झोत अंगावर येतो आणि त्याच्या पलीकडचा कठडा नाहीसाच होतो. माझ्या पहिल्या तालमीत लहानपणापासून अंगवळणी पडलेली दुहेरी उडीसुद्धा मी चाचपडत उतरवत होते. शेवटी एका जुन्या सहकारीणीने दाखवून दिले की प्रेक्षागृहाच्या दारांवरचे दिवे कधीच मालवत नाहीत. आत येताच ते कुठे आहेत ते पाहून ठेवायचे आणि त्यांच्या आधाराने दिशा धरायची. त्यातही प्रत्येक गावी ते दिवे वेगळ्या जागी असतात, त्यामुळे ही पाहणी दर मुक्कामी नव्याने करावी लागते. बर्फही बहुधा 60 बाय 30 मीटरच्या नेहमीच्या रिंकहून आखूड असतो, म्हणून उडीआधी वेग घ्यायला मिळणारी पावले कमी होतात. डोक्यावर पिसांचा मुकुट असेल तर गिरकीचा तोल बदलतो. हे सारे शिकता येते, पण ते शिकावे लागते.

समूहाचे काम तर त्याहून वेगळे. तुम्ही आजवर बर्फावर एकट्या होतात. आता एका ओळीतल्या एक असाल. हात गुंफलेली लांब ओळ मध्यबिंदूभोवती फिरते ते चक्र तुम्ही पाहिलेच असेल. त्यात मधली स्केटर जवळजवळ जागच्या जागी वळते आणि टोकाची जिवाच्या आकांताने धावते. मधलीने लय किंचित वाढवली तरी टोकाच्या मुलीला ते अंतर भरून काढणे अशक्य होते. म्हणजे सर्वांत कमी हालचाल करणारीवर सर्वांत जास्त भिस्त असते, आणि प्रेक्षकांना तिच्याकडे पाहण्याचे काही कारण नसते. टाळ्या पडतात त्या धावत येऊन शेवटी ओळ पकडणाऱ्या मुलीसाठी. दोन्ही जागा शिकून घ्या. खरे तर शक्य तितक्या जास्त जणींच्या जागा शिकून घ्या आणि आजारी पडलेल्या सहकारीणीच्या ऐवजी उभे राहण्याची तयारी व्यवस्थापनाला आपणहून सांगा. त्यातून संपूर्ण रचना आतून समजते, आणि पुढे कधी नृत्यरचनेकडे वळावेसे वाटले तर हे ज्ञान कोणत्याही वर्गात मिळणार नाही.

तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करण्याचा कंटाळा येतो, तो येणारच. शनिवारी दोन, कधी तीन प्रयोग असतात आणि तिसऱ्या प्रयोगाला चेहरा हसरा ठेवणे हे तिहेरी लुट्झ या कठीण उडीइतकेच अवघड काम आहे, असे मी अतिशयोक्ती न करता सांगते. मात्र त्या तिसऱ्या प्रयोगाला आलेल्या प्रेक्षकाने आयुष्यात प्रथमच बर्फावरचा माणूस पाहिलेला असू शकतो. स्पर्धेत तुमच्यासमोर दरवर्षी तीच जाणती मंडळी असत. ती तुमची चूक हेरायला बसलेली असत आणि ते त्यांचे कामच होते. इथे कोणीही तुमची चूक शोधत नाही. या बदलाने काही जण सैलावतात आणि त्यांचे स्केटिंग बिघडते. काहींचे मात्र प्रथमच खुलते. तुम्ही यांपैकी कोणत्या, हे घरी बसून कळणार नाही.

आता घोटा. तुम्ही बहुतेकांप्रमाणे डावीकडे फिरत उड्या मारत असाल, तर प्रत्येक उडी उजव्या पायाच्या बाहेरच्या एजवर, म्हणजे पात्याच्या बाहेरच्या धारेवर, मागे सरकत उतरते. म्हणजे इतक्या वर्षांतली प्रत्येक उतरण या एकाच घोट्याने झेललेली आहे. शोमध्ये उड्या सोप्या असतात, पण प्रयोगांची संख्या मोठी असते आणि विश्रांतीचे आठवडे थोडे. सही करण्याआधी खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांकडे जा, त्यांना आठवड्याचे प्रयोग किती आहेत ते स्पष्ट सांगा, आणि त्यांचे मत लेखी घ्या. जुने दुखणे लपवून करार करणे दोन्ही बाजूंनी महागात पडते, कारण पुढे विम्याचा प्रश्न निघाला की पहिली विचारणा तीच होते. कंपनीकडूनही काही गोष्टी लेखी मागा: दुखापत झाली तर उपचार कोणाच्या खर्चाने आणि त्या काळात मानधन चालू राहणार का, तालमीच्या दिवसांचे पैसे मिळतात का, दौऱ्यात पात्यांना धार कोण लावतो, आणि करार मध्येच संपला तर घरी परतण्याचा खर्च कोणाचा. धारेचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण अनोळखी हाताने बिघडवलेली पाती घेऊन अंधारात उडी मारण्याची वेळ आली की तो क्षुल्लक राहत नाही. समूहातले मानधन बेताचेच असते आणि खोली बहुधा वाटून घ्यावी लागते. त्याविषयी भ्रम बाळगू नये.

आणखी एक हंगाम खेळावा का, याविषयी मी थोडी कठोर होणार आहे. परत येणारे यशस्वी होतात, हे खरे. अलिसा लिऊने 2022 मध्ये वयाच्या 16 व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली, दोन वर्षे ती खेळापासून लांब राहिली, आणि 2025 मध्ये बोस्टनला जगज्जेती झाली. कातारिना विट 1984 आणि 1988 ची सुवर्णपदके जिंकून व्यावसायिक झाली, नियम सैल झाल्यावर 1994 मध्ये लिलेहामरला पुन्हा उतरली, युद्धात होरपळणाऱ्या साराजेव्होला तिने आपला फ्री स्केट अर्पण केला आणि ती सातवी आली. त्या सातव्या क्रमांकाचे तिला वाईट वाटले असेल असे मला तरी वाटत नाही. दोघींनाही परत का यायचे आहे हे नेमके ठाऊक होते. तुमच्या पत्रात मात्र ते कारण कुठेच नाही. आहे ती केवळ दार पूर्ण बंद होण्याची भीती. अशा भीतीपोटी खेळलेला हंगाम खर्चिक असतो आणि घोट्याला तो परवडणार नाही. म्हणून हा विचार वर्षभर बाजूला ठेवावा आणि करार संपल्यावर, दौऱ्याची दगदग उतरल्यानंतर, एकदाच काय तो निकाली काढावा. तोवर एक व्यावहारिक सावधगिरी बाळगा. उत्तेजकद्रव्य चाचणीच्या नोंदणीकृत यादीत तुमचे नाव असेल आणि तुम्ही लेखी निवृत्ती दिली, तर परतण्याआधी सहा महिने लेखी सूचना देऊन चाचणीसाठी उपलब्ध राहावे लागते. त्यामुळे निवृत्तीचा अर्ज भरण्यापूर्वी राष्ट्रीय संघटनेत चौकशी करा, आणि शोसाठी त्यांची परवानगी लागते का, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

आईवडिलांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. नेथन चेनने दोन वर्षांनंतर येल विद्यापीठातला अभ्यास थांबवला, 2022 मध्ये बीजिंगला सुवर्णपदक जिंकले, मग परत जाऊन 2024 मध्ये संख्याशास्त्राची पदवी घेतली. त्याच्याजवळ होते तसे पाठबळ सर्वांना मिळत नाही, पण थांबलेली पदवी पुन्हा सुरू करता येते एवढे यातून घ्यायला हरकत नाही. तुमच्या महाविद्यालयात प्रवेश किती काळ राखून ठेवता येतो, याची तारीख मिळवा आणि ती आईवडिलांना दाखवा. त्यांना शोची भीती कमी आणि पदवी कायमची सुटण्याची भीती जास्त असावी. दौऱ्यावर असताना सलग अभ्यास होईल असे आश्वासन मात्र देऊ नका. तो होत नाही.

त्यापुढच्या आयुष्याचा आराखडा आजच पूर्ण व्हावा, अशी अपेक्षा कोणी धरू नये. शिकवणे हा एक मार्ग आहे आणि तो चांगला आहे, पण चांगली स्केटर आपोआप चांगली शिक्षिका होत नाही. ज्या मुलीला साध्या तीनच्या वळणावर (एका पायावर पुढून मागे वळताना) पन्नास वेळा तोल जातो तिच्याकडे एकावन्नाव्या वेळी कुतूहलाने पाहता आले पाहिजे. तुमच्यात हे आहे की नाही ते तुमच्या प्रशिक्षकांना ठाऊक असावे, त्याशिवाय त्यांनी विचारले नसते. दुसरा मार्ग फारसा चर्चेत नसतो: सध्याच्या गुणपद्धतीत पंचांबरोबर एक तांत्रिक मंडळ बसते, आणि उडी पूर्ण फिरली की नाही, लुट्झ योग्य एजवरून उचलली की नाही, गिरकीचा स्तर कोणता, हे ते ठरवते. या कामाला स्पर्धा खेळलेली माणसे लागतात आणि तिथे सहाव्या आला होतात की पहिल्या, हे कोणी विचारत नाही. डोळा तयार असावा लागतो. तुम्ही या वर्तुळात इतकी वर्षे वावरला आहात की राष्ट्रीय संघटनेचे या कामाचे प्रशिक्षण वर्ग कधी असतात, हे एका फोनवर कळेल.

टीव्हीचे म्हणाल, तर तो बंदच राहू द्या. पहिल्या हंगामात आपल्या जागी दुसरे कोणी उतरलेले पाहवत नाही. त्यात मत्सरही असतो, आणि त्याचे काही वाईट वाटून घेऊ नये. ज्या दिवशी एखादीची उडी पाहताना तुमचे लक्ष तिच्या गुणांऐवजी तिच्या खांद्याकडे जाईल, त्या दिवशी पुन्हा पाहायला लागा.

कंपनीला उत्तर देण्याआधी प्रशिक्षकांना प्रत्यक्ष भेटा; फोनवर किंवा निरोप धाडून हे सांगू नका. शोमध्ये जाण्याचा निर्णय झाला आहे असे सांगा, त्यांची परवानगी मागत बसू नका, आणि दौऱ्याला सुट्टी असते त्या आठवड्यांत त्यांच्या लहान गटाला शिकवायला येऊ का, असे त्याच भेटीत विचारा. ते रागावले तर रागावू द्या. उत्तर होकारार्थी आले तर सुट्टीच्या तारखा कंपनीकडून आधीच लिहून घ्या, कारण दौरा सुरू झाल्यावर त्या बदलतात.